किनाऱ्याची स्वरलिपी : एडवर्ड लिअर

पलसाणा पूर्वी बडोदे संस्थानात होता. म्हणून 1886 साली बडोद्यास गायनशाळा काढणारे मौलाबक्ष येथल्या गायनशिक्षकाला परके नाहीत. गाणे कागदावर उतरविण्याची त्यांची पद्धत मुलांना सांगताना मला एक चित्रकार आठवतो : एडवर्ड लिअर.

जगाला तो विनोदी कवी म्हणून ठाऊक. पोटाचा धंदा मात्र चित्रांचा. 1812 साली लंडनजवळ जन्म, एकवीस भावंडांतला विसावा. वडील कर्जात बुडाले, लहानपणीच अपस्माराने गाठले. तो आजार त्याने जन्मभर लपविला.

व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्या आमंत्रणावरून 1873 साली तो मुंबईस उतरला, तेव्हा वय 61, दृष्टी अधू. पुढल्या वर्षी मलबारच्या किनाऱ्यावरचे माड नि संथ पाणी तो शिसपेन्सिलीने झरझर टिपी, रंगांची नावे रेषांमध्येच लिहून ठेवी. शाई आणि रंग मागाहून भरी. हीच त्याची स्वरलिपी.

1888 साली इटलीत सान रेमो येथे तो वारला. जुना मित्र एकही अंत्ययात्रेस नव्हता. त्याच्या मोठ्या तैलचित्रांपेक्षा मला ही टाचणेच थोर वाटतात. एका एकाकी माणसाने समुद्राची शांतता कागदावर राखून ठेवली. ती आजही वाचता येते.