आईचे मागणे

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या लहानशा खेड्यात झाला. विनायक नरहर भावे हे त्यांचे मूळ नाव. त्यांची पहिली पाठशाळा म्हणजे त्यांचे घर. आजोबा शंभुराव गणेशचतुर्थीस मुलांकडून चंदन उगाळून घेत, त्याचा गणपती घडवीत आणि भक्तिभावाने पूजिलेली ती मूर्ती ठरल्या दिवशी विसर्जित करीत. भक्तीबरोबर अनासक्तीही शिकावयाची असते, हे बाल विनायकाला असे नकळत उमगले.

वडील नरहरराव बडोद्यास नोकरीस होते. त्यांची दृष्टी विज्ञाननिष्ठ. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक. एकदा त्यांनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला व रोज एकेक दाणा मोजू लागल्या. तोळाभर तांदूळ मोजून त्यावरून लाखाचे वजन काढावे, असे नरहररावांनी सुचविले. आईला उत्तर सुचेना. तिने मुलाला विचारले. दाण्यागणिक देवाचे स्मरण घडते, ते वजन करून घडणार नाही, असे त्याने सांगितले आणि आईचे समाधान झाले. गणिताची आवड वडिलांकडून आणि स्मरणाची ओढ आईकडून, असा दुहेरी वारसा विनोबांना लाभला. दारचा फणस उतरला की गरे आधी शेजारी पोचवावयाचे आणि मग घरात खावयाचे, हा आईचा नेम. १९५१ साली पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ करणाऱ्या विनोबांनी वाटून खाण्याचा पहिला धडा असा गिरविला होता.

आईला गीता समजून घ्यावयाची होती, परंतु संस्कृत येत नव्हते. विनायकाने आणून दिलेला मराठी पद्यानुवादही तिला अवघड वाटला. मग तूच का सोपी गीता लिहीत नाहीस, असे तिने सहज विचारले. हे सामर्थ्य आपल्या मुलात आहे, याविषयी तिला शंका नव्हती.

१९१६ साली परीक्षेस निघालेला हा मुलगा काशीस गेला आणि पुढे गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. १९१८ च्या साथीत आई गेली. तिचे अंत्यसंस्कार पुरोहितांविना स्वतः करावेत, हा विनोबांचा आग्रह घरी मान्य झाला नाही. ते स्मशानात गेले नाहीत; घरीच गीता वाचीत बसले.

आईचे मागणे मात्र त्यांच्या मनातून गेले नाही. १९३०-३१ मध्ये त्यांनी सुबोध मराठीत 'गीताई' रचली. गीता आणि आई त्या एका नावात एकरूप झाल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४४ साली आपल्या जबलपूरजवळच्या सिवनी येथील तुरुंगात त्यांनी स्थितप्रज्ञाची लक्षणे उलगडून सांगितली.

'गीताई' पाहावयास आई नव्हती. पेरणाऱ्याला पीक दिसेलच, असे नसते. मराठी मुलखाबाहेर, बडोद्याच्या घरात, एका आईने आपल्या भाषेत केलेली साधी मागणी बारा-पंधरा वर्षांनी फळाला आली आणि पुढे घरोघरच्या आयांना गीता वाचता आली. मुलांवर विश्वास टाकून घरात सहज उच्चारलेले शब्द किती दूरवर पोचतात, याची साक्ष विनोबांचे चरित्र देते.