लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या आशेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग त्यांस नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले. हौस मनातच राहिली. तरीही खचून न जाता त्यांनी यंत्रांची रेखाटने काढण्याची विद्या संपादन केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले.

त्या काळी सायकल हे नवलाचे वाहन होते. लक्ष्मणरावांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नोकरीतील बढती हुकली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावी आले. सुशिक्षित माणसाने हात काळे करणे लोकांस कमीपणाचे वाटे. लक्ष्मणरावांस तसे वाटले नाही.

सायकलदुरुस्ती हे नाजूक कसब आहे. चाकाची रिम बारीक तारांच्या ताणावर तोललेली असते. काही तारा सैल झाल्या, की चाक डोलू लागते. कारागीर यास 'आऊट' म्हणतात. मुलांनो, घरची सायकल उलटी ठेवून चाक हळू फिरविल्यास रिम कोठे व कोणत्या बाजूस झुकते, ते तुम्हांसही दिसेल. तेथील त्या बाजूच्या तारा किंचित सैल करावयाच्या व दुसऱ्या बाजूच्या किंचित आवळावयाच्या. एकदम जोर केल्यास चाक अधिकच वाकडे होते. शेवटी तारा छेडून पाहावयाच्या. एका बाजूच्या तारांचा नाद सारखा आला, म्हणजे त्यांचा ताणही सारखा. या कामास रंगांची पारख लागत नाही. लागतो तो चौकस डोळा, तयार कान आणि धीर.

या धीराची कसोटी पुढे लागली. १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणरावांनी मात्र नांगरात सुधारणा करीत राहून त्यांचा विश्वास मिळविला. १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे याच उद्योगसमूहाचा तेलइंजिनांचा कारखाना निघाला.

लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले. एक वाट बंद झाली असता त्यांनी हातांस दुसरी विद्या शिकविली. त्या हातांनीच हजारोंस काम मिळवून दिले.