हळदोण्याचा ट्रंपेटवाला : चिक चॉकलेट

'अलबेला'ची गाणी ठाऊक नसलेला माणूस आमच्या वाड्यावर सापडणे कठीण. मास्टर भगवान ठाऊक, सी. रामचंद्र ठाऊक, लताबाई तर ठाऊकच. पण त्या गाण्यांमागे बार्देशातील हळदोण्याचा एक गोंयकार होता, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून यंदा त्याची ओळख करून देत आहोत.

अँटोनियो झेवियर वाझ हे त्याचे खरे नाव, जन्म १९१६ चा. जग त्याला चिक चॉकलेट म्हणे. आपल्याकडे घुमट-शामेळ आपण ऐकून ऐकून शिकतो. ख्रिस्ती मुलांना मात्र चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवीत. ही लिपीच पुढे शेकडो गोंयकारांची भाकरी झाली.

त्या काळी अमेरिकेत मोठमोठे जॅझ बँड हॉटेलांतून वाजत आणि रेडिओ ते घरोघर पोचवी. बेनी गुडमन याच्या १९३७-३८ च्या अशा कार्यक्रमांच्या तबकड्या १९५२ मध्ये बाजारात आल्या व हातोहात खपल्या. चिकचे दैवत मात्र लुई आर्मस्ट्राँग. ट्रंपेट तसाच, घोगरा आवाज तसाच, हातातला पांढरा रुमालसुद्धा तसाच! लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. नकलेवर कोणी इतकी वर्षे तग धरीत नाही. त्याच्या फुंकेत दम होता, असे आमचे मत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड गाजला आणि कोलंबिया कंपनीने त्याच्या तबकड्याही काढल्या.

पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. संगीतकार चाल बांधी. ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा तुकडा लिहून देणारा बहुधा गोंयकार असे. नाव मात्र संगीतकाराचे, हा हिशेब आम्हाला आजही खटकतो. चिक सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. १९५१ च्या 'अलबेला'त तर त्याचा बँड चक्क पडद्यावर आला. दुसऱ्याच वर्षी केसकर माहिती मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले.

जनमत कौलाच्या वर्षी, १९६७ मध्ये चिक वारला. वय अवघे ५१. त्याला पाहायचे असेल तर 'अलबेला' पुन्हा लावावा. नाचणाऱ्या भगवानदादांवरून नजर थोडी हटवून मागच्या वादकांकडे पाहावे. ट्रंपेट घेतलेला आहे, तोच आपला हळदोणेकर.