स्वस्तात विकलं तर सूट बंद! कोडॅकच्या ईस्टमनने दुकानदारांना असं बांधून ठेवलं होतं

दुकान तुमचं, माल तुम्ही पैसे मोजून घेतलेला. पण तो चार पैसे कमी घेऊन विकायचा नाही आणि शेजारच्या फळीवर दुसऱ्या कंपनीचा मालही ठेवायचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत फोटोग्राफीचं सामान विकणाऱ्यांची हीच गत होती. हा नियम घालणारा माणूस म्हणजे कोडॅकचा मालक जॉर्ज ईस्टमन.

ईस्टमनचा जन्म १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील लवकर गेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. रॉचेस्टरच्या बँकेत कारकुनी करताना त्याला फोटोग्राफीचा नाद लागला. तेव्हा हा नाद म्हणजे निव्वळ हमाली होती. काचेच्या प्लेटा, रसायनं आणि तंबू असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरावं लागायचं. मग पठ्ठ्या दिवसा बँकेत आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात कोरड्या प्लेटांचे प्रयोग करू लागला. १८८१ मध्ये कंपनी निघाली.

१८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत यायचा. १९०० मध्ये तर ब्राउनी कॅमेरा फक्त १ डॉलरला आला. खरी कमाई फिल्म आणि कागदात होती, कारण कॅमेरा एकदाच घेतला जातो आणि फिल्म सारखी लागते.

आता खरा खेळ. दुकानदाराला आपला नफा कंपनीच्या सवलतीतून मिळायचा आणि सवलत हवी तर अटी पाळायच्या. भाव कंपनी ठरवेल तोच. प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवायचा नाही. नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण गिऱ्हाईक दारात येऊन कोडॅकच मागायचं. दुसरीकडे ईस्टमन प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेत होता. पुढे बेकेलाइट शोधणाऱ्या लिओ बेकलंडचा व्हेलॉक्स फोटोपेपरही त्याने १८९९ मध्ये घेतला. म्हणजे कुणी स्वस्त आणि चांगला माल काढलाच, तरी तो ठेवायला दुकानात फळी सापडणं मुश्किल.

ईस्टमनच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. एका दुकानाने भाव पाडला की बाकीच्यांचा नफा जातो आणि ते माल ठेवायचं सोडतात, ही भीती कुठल्याही कारखानदाराला असते. पण भाव राखणं वेगळं आणि दुसऱ्याला बाजारातच येऊ न देणं वेगळं.

१९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलं, की एकदा माल विकला की दुकानदाराने तो कितीला विकावा हे कारखानदाराने करार करून ठरवायचं नाही. दोन वर्षांनी सरकारने कोडॅकवर खटला भरला. १९१५ मध्ये न्यायाधीश जॉन हेझल यांनी कोडॅकला बेकायदा मक्तेदार ठरवलं. कंपनी अपिलात गेली, पण १९२१ मध्ये ते मागे घेतलं आणि काही कारखाने व ब्रँड विकायला तयार झाली. १९२७ मध्ये तर अटलांटाच्या एका दुकानदाराने सुप्रीम कोर्टापर्यंत झुंज दिली. कोडॅकने त्याची डीलरची सवलत बंद केली होती. कोर्टाने त्याला मिळालेली तिप्पट भरपाई कायम ठेवली.

गंमत म्हणजे हाच ईस्टमन दानशूर होता. एमआयटी या विद्यापीठाला त्याने नाव लपवून, ‘मिस्टर स्मिथ’ म्हणून कोट्यवधी डॉलर दिले. १९१९ मध्ये स्वतःचे शेअर कामगारांना वाटले. कामगार त्याला आपले वाटत होते, दुकानदार मात्र फक्त आपला माल पोचवणारा हात. मणक्याच्या दुखण्याला कंटाळून १४ मार्च १९३२ रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

कोडॅकची सवय मात्र राहिली. पुढे रंगीत फिल्मच्या किमतीतच ती धुण्याचे पैसेही कंपनी घेऊ लागली. त्यामुळे बाहेरच्या लॅबना कामच मिळेना. अखेर १९५४ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत फिल्म आणि धुलाईचे पैसे वेगळे करावे लागले आणि फिल्म धुण्याचं तंत्रही इतर लॅबना द्यावं लागलं.