विश्लेषण : नोबेल विजेत्या पर्ल बक यांच्या लेकीला कोणता आजार होता? तो वेळेत का कळला नाही?

साखरविरहित शीतपेयाच्या कॅनवर बारीक अक्षरांत एक इशारा असतो : फेनिलकीटोन्युरिया, म्हणजेच ‘पीकेयू’ असलेल्यांसाठी हे पेय नाही. ‘द गुड अर्थ’ या कादंबरीच्या लेखिका पर्ल बक यांच्या मुलीला हाच दुर्मीळ जनुकीय आजार होता. त्याचे नाव कळले तेव्हा मुलीने चाळिशी गाठली होती.

शंका कधी आली?

पर्ल यांचा जन्म १८९२चा, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाचा. आईवडील मिशनरी असल्याने बालपण चीनमध्ये गेले. १९१७ मध्ये त्यांनी कृषितज्ज्ञ जॉन लॉसिंग बक यांच्याशी विवाह केला. ४ मार्च १९२० रोजी कॅरलचा जन्म झाला. त्यानंतर गाठ आढळल्याने पर्ल यांचे गर्भाशय काढावे लागले. कॅरल दिसायला गोड, सुदृढ होती. पण तीन वर्षांची झाली तरी बोलेना. मूल उशिरा बोलेल, अशी समजूत सगळेच घालत होते.

डॉक्टरांनी काय सांगितले?

१९२४ मध्ये पर्ल मुलीला घेऊन अमेरिकेला गेल्या. अनेक डॉक्टर झाले. अखेर मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये एका डॉक्टरने त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की ही मुलगी कधीच सुधारणार नाही. तिच्यासाठी चांगली संस्था शोधा. कारण मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. कठोर वाटणाऱ्या या डॉक्टरबद्दल पर्ल यांना पुढे कृतज्ञताच वाटली, कारण खोट्या आशेवरची वणवण थांबली.

तरीही त्यांनी कॅरलला लिहायला शिकवण्याची खटपट सोडली नव्हती. एकदा तिचा हात हातात घेतला, तर तो घामाने चिंब झालेला. मुलीला काहीच समजत नव्हते. केवळ आईसाठी ती धडपडत होती. पर्ल यांनी पाटी-पुस्तक बाजूला ठेवले.

लेखनाशी याचा काय संबंध?

आपल्यामागे हिचे कोण करणार, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९२९ मध्ये कॅरलला न्यू जर्सीतील व्हाइनलँडच्या निवासी शाळेत ठेवले. तिच्या आयुष्यभराच्या खर्चासाठी पैसा हवा होता आणि तो लेखनातून मिळवायचा होता. १९३१ मध्ये ‘द गुड अर्थ’ आली. १९३२ मध्ये पुलित्झर, १९३८ मध्ये नोबेल मिळाले. त्या कादंबरीतील शेतकऱ्यालाही एक न बोलणारी, मंदबुद्धी मुलगी आहे. पण ती लेखिकेच्या घरातून आली, हे वाचकांना माहीत नव्हते. असे मूल म्हणजे घराण्याची नामुष्की, असे मानण्याचा तो काळ होता. १९५० मध्ये पर्ल यांनी ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ लिहून मौन सोडले.

‘पीकेयू’ म्हणजे काय?

प्रथिनांमध्ये फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल असते. यकृतातील एक विकर त्याचे रूपांतर करते. सदोष जनुकामुळे हे विकर काम करत नसेल, तर फेनिलअॅलनिन रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच आजार होतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यात ही शक्यता २५ टक्के असते. वाहकांना स्वतःला त्रास नसल्याने घरात कुणालाच कल्पना नसते. शीतपेयातील अॅस्पार्टेमपासूनही फेनिलअॅलनिन तयार होते, म्हणून तो इशारा.

वेळेत का कळले नाही?

नॉर्वेतील एका आईने दोन मुलांच्या आजाराचे कारण शोधण्याचा हट्ट सोडला नाही, म्हणून १९३४ मध्ये डॉ. आस्ब्यर्न फोलिंग यांनी मुलांचे मूत्र तपासून हा आजार ओळखला. तेव्हा कॅरल १४ वर्षांची होती. कमी फेनिलअॅलनिनच्या आहाराचा उपयोग १९५० च्या दशकात दिसला. तोवर तिचा मेंदू कायमचा बाधित झाला होता. रॉबर्ट गथ्री यांची रक्तचाचणी १९६० च्या दशकात रूढ झाली. कॅरलचे निदानही त्याच दशकातले.

पुढे काय झाले?

पर्ल १९७३ मध्ये गेल्या. कॅरल त्यांच्यानंतर १९ वर्षे जगली आणि १९९२ मध्ये वारली. आईने केलेली तजवीज तिला अखेरपर्यंत पुरली.

आज बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवरून पहिल्या काही दिवसांतच ‘पीकेयू’ ओळखता येतो. आहार लगेच सुरू केल्यास मेंदूची हानी टळते. भारतात ही चाचणी देशभर सक्तीची नाही. त्यामुळे बाळाची ही तपासणी झाली का, हे पालकांनी प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवे.