पाढ्यांची चिठ्ठी आणि आठ धूमकेतू

मैत्रिणींनो, आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात. ते दिसलं की काहीतरी अशुभ घडणार, असं जुन्या बायका सांगायच्या. पण हीच शेंडेनक्षत्रं एका बाईच्या आयुष्यात मानाची आणि हक्काच्या कमाईची पहाट घेऊन आली. तिचं नाव कॅरोलिन हर्शेल.

कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५० चा, जर्मनीतल्या हॅनोवर शहरातला. वडील आयझॅक लष्कराच्या बँडमध्ये वादक. घरात मुलं बरीच, पैसा बेताचा. तिसऱ्या वर्षी तिला देवी आल्या आणि चेहऱ्यावर कायमचे वण राहिले. दहाव्या वर्षी टायफसच्या तापानं गाठलं. जीव वाचला, पण वाढ खुंटली. उंची जेमतेम चार फूट तीन इंच! हिला ना रूप ना हुंडा, तेव्हा हिचं लग्न काही होणार नाही, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं.

मग हिचं करायचं काय? आईच्या मनात उत्तर तयार होतं. घरकामाला हक्काची बाई! मुलगे शिकले म्हणून घर सोडून परमुलखात गेले, असा आईचा समज. त्यामुळे मुलीला शिवण-टिपण आणि विणकामापलीकडे काही शिकवायचं नाही, हा तिचा हट्ट. वडिलांचा जीव मात्र तुटायचा. आईची पाठ वळली की ते लेकीला व्हायोलिनचे धडे देत. एका थंडीच्या रात्री त्यांनी तिला रस्त्यावर नेऊन नक्षत्रं दाखवली. तेव्हा त्या माऊलीला काय ठाऊक, की हेच आकाश पुढे लेकीचं घर होणार आहे! १७६७ साली वडील गेले आणि तेवढाही आधार संपला.

तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा भाऊ विल्यम तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ गावी संगीत शिक्षक होता. बहीण घरी कुजते आहे हे त्याच्या लक्षात आलं. १७७२ मध्ये तो तिला न्यायला आला. आई सहजी सोडते थोडीच? कॅरोलिनच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून दरवर्षी पैसे पाठवायचं त्यानं कबूल केलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. निघण्याआधी कॅरोलिननं घरच्यांना दोन वर्षं पुरतील इतके पायमोजे विणून ठेवले. चार दिवस माहेरी जायचं तर आपण डबे भरून, पिठं दळून ठेवतो ना, अगदी तस्सं!

बाथला आल्यावर भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत. पण काही आठवड्यांतच बाजारहाट तिच्या अंगावर पडली. दिवसभर घर, आणि त्यातून वेळ काढून इंग्रजी, हिशेब आणि गाणं. गळा इतका गोड, की १७७८ साली ती मोठ्या कार्यक्रमांत मुख्य गायिका म्हणून गाऊ लागली. दुसऱ्या शहरातून गाण्याचं बोलावणंही आलं. पण भावाशिवाय कुणाच्या हाताखाली गायचं नाही, म्हणून तिनं ते नाकारलं.

एव्हाना विल्यमला ताऱ्यांचं वेड लागलं होतं. तो काही शिकलेला खगोलशास्त्रज्ञ नव्हता. आजच्या भाषेत हौशी आकाशनिरीक्षक. विकतची दुर्बीण परवडेना, म्हणून घरीच आरसे ओतायला लागला. दिवाणखान्याचा कारखाना झाला! आरशाचा साचा घोड्याच्या लिदीचा. ती लीद कुटून चाळायचं काम कॅरोलिनकडे. आरसा घासताना हात थांबवून चालत नसे, म्हणून कधी कधी सोळा-सोळा तास ती शेजारी बसून भावाला घास भरवायची.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यमला घरामागच्या बागेतून एक नवा ग्रह सापडला. तोच युरेनस. राजा तिसरा जॉर्ज खूश झाला. वर्षाला दोनशे पौंड ठरवून त्यानं विल्यमला राजवाड्याजवळ बोलावून घेतलं. झालं! कॅरोलिनचं गाणं तिथेच संपलं. तिला कुणी विचारलंही नाही. आता ती आकाशाच्या कामाची मदतनीस.

हे काम काही सोपं नव्हतं. भाऊ मोठ्या दुर्बिणीतून बघून ओरडून सांगायचा. ती खिडकीशी दिवा आणि घड्याळ घेऊन बसायची, वेळ आणि जागा टिपून घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्या टिपणांवरून आकडेमोड. गंमत म्हणजे तिला पाढे कधीच पाठ झाले नाहीत. पाढ्यांची एक चिठ्ठी ती सतत जवळ बाळगायची आणि तीत बघून हजारो ताऱ्यांची गणितं सोडवायची. गणित कच्चं म्हणून स्वतःला कमी लेखणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनी हे मनावर कोरून ठेवावं!

३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फावरून धावताना ती पडली. दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा मांडीत घुसला. तिला उचललं तेव्हा सुमारे पाच तोळे मांस आकड्यालाच राहिलं. आणि तिला समाधान कशाचं? तर पुढे ढग आले, त्यामुळे भावाची रात्र वाया गेली नाही, याचं! वाचताना अंगावर काटा येतो. रागही येतो थोडा. इतकं कुणासाठी झिजायचं?

पण त्याच वर्षी भावानं तिला एक छोटी दुर्बीणही दिली होती. कामातून सवड मिळाली की ती आकाशाचा एकेक पट्टा सावकाश झाडून काढायची. हो, झाडूनच. या पद्धतीला इंग्रजीतही झाडण्याचाच शब्द आहे. तारे एकमेकांच्या संदर्भात जागा सोडत नाहीत. पुसट ठिपका दिसला आणि दुसऱ्या रात्री तो शेजारच्या ताऱ्यांपासून सरकलेला असला, तर तो धूमकेतू. म्हणजे आधी ओळखीचं आकाश पाठ हवं. १ ऑगस्ट १७८६ ला भाऊ जर्मनीला गेलेला असताना तिला असाच एक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला होता! तिनं लगेच लंडनच्या विद्वानांना पत्रं धाडली. १७९७ पर्यंत तिनं असे आठ धूमकेतू पाहिले. शेवटच्या वेळी पत्राचा भरवसा नको म्हणून सत्तेचाळीसाव्या वर्षी ती घोड्यावर बसली आणि वीसहून जास्त मैल दौडत ग्रीनिचच्या राजज्योतिर्विदाकडे गेली.

श्रेय आपल्या नावावर राहणं का महत्त्वाचं? तिच्या आधी, १७०२ साली, जर्मनीतच मारिया किर्श या बाईनं धूमकेतू शोधला होता. पण तो गाजला नवऱ्याच्या नावानं. कॅरोलिनच्या अनेक धूमकेतूंना मात्र तिचंच नाव मिळालं.

१७८७ मध्ये राजानं तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला पन्नास पौंड पगार ठरवला. इंग्लंडमध्ये शास्त्राच्या कामासाठी पगार मिळवणारी ही पहिली स्त्री. स्वतःच्या मर्जीनं खर्चता येईल असा तिच्या आयुष्यातला हा पहिला पैसा, वयाच्या सदतिसाव्या वर्षी! बचत गटातली बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक हातात घेते, तेव्हा तिचा चेहरा कसा होतो हे मी कितीदा पाहिलं आहे. त्यामुळे हा प्रसंग मला परका वाटत नाही.

१७८८ मध्ये विल्यमनं लग्न केलं. घराच्या किल्ल्या वहिनीकडे गेल्या आणि कॅरोलिन भाड्याच्या खोलीत राहू लागली. पुढच्या दहा वर्षांची रोजनिशी तिनं स्वतःच नष्ट केली. त्यात काय होतं हे कुणाला कळणार? पण मनातलं कडू तिनं मागे ठेवलं नाही, एवढं खरं. पुढे वहिनीशी सूर जुळले आणि भाचा जॉन तर तिच्या गळ्यातला ताईत झाला.

१७९८ मध्ये जुन्या तारकासूचीतल्या चुका दुरुस्त करून आणि सुटलेले पाचशेहून अधिक तारे जोडून तिनं तयार केलेली सूची रॉयल सोसायटीनं छापली. १८२२ मध्ये विल्यम वारला. बहात्तर वर्षांची कॅरोलिन हॅनोवरला परतली. पण माळ जपत बसली नाही. भाच्यासाठी तिनं भावाचे सुमारे अडीच हजार तेजोमेघ नव्यानं क्रमवार लावून दिले. या कामासाठी १८२८ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं तिला सुवर्णपदक दिलं. त्यानंतर हे पदक दुसऱ्या स्त्रीला, व्हेरा रुबिन यांना, मिळायला १९९६ साल उजाडलं! ९ जानेवारी १८४८ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी कॅरोलिन गेली. तिचा १७८८ चा धूमकेतू १९३९ मध्ये पुन्हा दिसला. आता तो २०९२ मध्ये येईल, आपल्या नातवंडा-पतवंडांना भेटायला.

एवढं करूनही कॅरोलिन स्वतःला भावाच्या हातातलं अवजारच समजत राहिली. इथे मात्र मला तिच्याशी भांडावंसं वाटतं. मी काय, नुसती मदत करते, असं आपणही म्हणतो. शेतात राबतो, दुकान सांभाळतो, हिशेब लिहितो, आणि नाव विचारलं की नवऱ्याचं सांगतो. मदतीलाही नाव असतं, दाम असतो. ते मागायला शिकलं पाहिजे.

हौशी मंडळींच्या आकाशवेडाची परंपरा आपल्याकडेही आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. पण आकाशदर्शन म्हणजे रात्री गावाबाहेरच्या माळावर जाणं. लहान गावातल्या बाईला ते कुठलं जमायला? २०२० च्या टाळेबंदीत अनेक आकाशप्रेमी मंडळांनी आपली व्याख्यानं ऑनलाईन सुरू केली आणि ही अडचण निम्मी सुटली. महिन्यातून एक संध्याकाळ, तासाभराचं व्याख्यान, आणि लागतो फक्त मोबाईल. भांडी घासता घासता कानाला लावलं तरी चालतं. प्रश्न विचारायला लाज वाटली, तर पाढ्यांची ती चिठ्ठी आठवा. आपल्या जवळच्या मंडळाची चौकशी करा, लेकीला, सुनेला सोबत बसवा. आणि व्याख्यान संपलं की पाच मिनिटं गच्चीवर जा. बाकी काम सकाळी होईल!