जगदीशचंद्र बोस यांचा स्फटिक

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८५ साली पदार्थविज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक रुजू झाले. वय सव्वीस वर्षांचे. केंब्रिज विद्यापीठाची पदवी नुकतीच मिळवलेली. परंतु त्या काळी हिंदी प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांशच वेतन मिळे, आणि यांची नेमणूक तात्पुरती असल्यामुळे त्याचेही निम्मेच हाती पडावयाचे होते. त्यांनी नोकरी सोडली नाही. वेतन तेवढे नाकारले. घरी वडील कर्जात बुडालेले असता तीन वर्षे ते एक पैही न घेता शिकवीत राहिले. अखेर अधिकाऱ्यांना नमावे लागले. मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी मिळाले आणि ते वडिलांचे कर्ज फेडण्याच्या कामी आले. हेच जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांची मुले इंग्रजी शाळेत जात. त्यांनी मात्र आपल्या मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. तेथे कोळ्याचा आणि घरच्या चपराशाचा मुलगा हे त्याचे सोबती झाले. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकता ऐकता निसर्गाची जी ओढ लागली, ती जन्मभर टिकली.

कॉलेजात प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एका चिंचोळ्या खोलीत, एका साध्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून जगदीशचंद्रांनी १८९४ पासून स्वतःची उपकरणे घडवली. विषय होता विद्युत्‌लहरींचा. इतरांच्या लहरी लांबलचक असत. यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यांच्या एका प्रयोगात तर आगगाड्यांचे वेळापत्रक उपयोगी पडले! त्या जाड पुस्तकाच्या पानांत कथिलाचे वर्ख घालून त्यांनी या लहरी गाळून घेतल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी धाडून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मधल्या वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते. लहरी त्यांच्या अंगातूनही आरपार गेल्या.

लहर धाडणे जमले, पण ती आली हे ओळखावे कसे? त्यासाठी त्या वेळी लोखंडाचा कीस भरलेली नळी वापरीत. लहर येताच कीस चिकटून बसे, आणि प्रत्येक वेळी नळीवर टिचकी मारून तो मोकळा करावा लागे. शिवाय बंगालची हवा दमट, लोखंड गंजे. जगदीशचंद्रांनी एकामागून एक कितीतरी पदार्थ पारखले आणि गॅलेना या शिशाच्या चकचकीत खनिजावर त्यांची दृष्टी स्थिरावली. त्याच्या स्फटिकावर धातूचे टोक अलगद टेकवले की लहर ओळखली जाई. टिचकीची गरज उरली नाही. प्रकाशाचीही त्याला जाणीव होई.

अशा स्फटिकाचा विशेष असा की, त्यातून वीज एका दिशेने सहज वाहते आणि उलट दिशेने अडते. हा गुण जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांना १८७४ मध्येच दिसला होता; लहरी ओळखण्याच्या कामी त्याचा उपयोग पुढे झाला. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठी भातशेती राखण्यासाठी बांध घालीत आणि त्यात उघाडी ठेवीत. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर पडे. भरती आली की खाडीचे पाणीच झडप दाबून घट्ट बसवी. विजेच्या अशा उघाडीला डायोड म्हणतात.

आजचा डायोड बहुधा सिलिकॉनचा असतो. शुद्ध सिलिकॉन विजेला फारसा वाट देत नाही. त्यात फॉस्फरसचा अंश मिसळला की काही इलेक्ट्रॉन मोकळे उरतात. बोरॉनचा मिसळला की इलेक्ट्रॉनांच्या जागा रिकाम्या राहतात. एकाच स्फटिकात हे दोन भाग शेजारी आले म्हणजे सीमेवरचे इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागा भरतात आणि तेथे एक पातळ आडकाठी तयार होते. बॅटरीचे ऋण टोक फॉस्फरसच्या बाजूस आणि धन टोक बोरॉनच्या बाजूस जोडले, तर सुमारे ०.७ व्होल्टला ही आडकाठी हटते व वीज वाहू लागते. टोके उलटी जोडली की आडकाठी अधिकच रुंद होते.

डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून वर पाहावे. तेथील तारेत पूर्वी १५०० व्होल्टचा, एकाच दिशेने जाणारा प्रवाह असे. आता २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो आणि तो सेकंदात ५० वेळा मागेपुढे झुलतो. गाडीत शिरल्यावर त्याचा दाब रोहित्र कमी करते, अर्धवाहक साधने त्याला एकदिश करतात आणि मग मोटारींना हवा तसा तो बनवला जातो. भ्रमणध्वनी भारित करणाऱ्या इवल्याशा डबीतही हेच एकदिश करण्याचे काम चालते. एलईडी दिवाही डायोडच. त्याच्या सीमेवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागी पडला की प्रकाश निघतो.

या शोधातून जगदीशचंद्रांना धन मिळवता आले असते. १९०१ मध्ये ते लंडनला असता तारायंत्राच्या व्यवसायातील एक धनिक पेटंटचा करार घेऊन त्यांच्याकडे आला. त्यांनी नकार दिला. ज्ञान विकावयाचे नसते, अशी त्यांची श्रद्धा होती. अखेर भगिनी निवेदिता आणि सारा बुल या स्नेह्यांच्या आग्रहाने अमेरिकेत अर्ज गेला, आणि २९ मार्च १९०४ रोजी गॅलेना-उपकरणाचे पेटंट मिळाले. अर्धवाहक साधनाचे जगातील पहिले पेटंट म्हणून ते ओळखले जाते. जगदीशचंद्रांनी त्यापासून काहीही कमावले नाही. पेटंटाची मुदत तशीच सरून गेली. हा व्यवहार शहाणपणाचा होता, असे सर्वांनाच वाटणार नाही. पुढे १९०९ मध्ये बिनतारी संदेशाचे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि तेच ब्राउन यांना मिळाले.

तोवर जगदीशचंद्र वनस्पतींकडे वळले होते. रोपट्याची नजरेला न दिसणारी वाढ सहस्रपटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी तयार केले. १९१७ साली, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उघडली आणि तेथे लागलेल्या शोधांची पेटंटे घेतली जाणार नाहीत, असे जाहीर केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा एक आठवडा उरला होता.